कर्नल कुणाचा माणूस?

गायक एल्विस प्रेस्लीचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याच्यावर मरणोत्तर खटला चालवायचा असेल, तर आधी आरोपपत्र नीट लिहायला हवे. एल्विस प्रेस्लीचे चाहते गेली चाळीसहून अधिक वर्षे जे आरोपपत्र वाचून दाखवत आले आहेत, त्यात कलमांची गर्दी आहे आणि नेमका गुन्हा तेवढा निसटला आहे. हा माणूस निम्मे पैसे घेई, त्याने एल्विसला सुमार चित्रपटांना जुंपले, परदेशी जाऊ दिले नाही, लास व्हेगासमध्ये राबवून घेतले. शिवाय तो खरा कर्नलही नव्हता आणि खरा टॉम पार्करही नव्हता. शेवटच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावी 1909 साली जन्मलेला आंद्रेआस कॉर्नेलिस फान काउक विनापरवाना अमेरिकेत शिरला, जत्रेतल्या खेळांत तयार झाला आणि लुइझियानाच्या गव्हर्नरने 1948 मध्ये दिलेली ‘कर्नल’ ही मानाची उपाधी जन्मभर मिरवत राहिला. पण नाव बदलल्याने कुणा गायकाचा घात होत नाही. बाझ लुहरमनच्या 2022 च्या चित्रपटात टॉम हँक्सने उभा केलेला कर्नल पाहिला की खलनायक सापडल्याचे समाधान मिळते आणि विचार तिथेच थांबतो. दुसरीकडे पीटर गुरालनिकसारखा साक्षेपी चरित्रकार पार्करच्या पत्रव्यवहाराच्या आधारे त्याची बाजू सहानुभूतीने मांडतो. माझ्या मते हे दोन्ही पक्ष कर्नलच्या स्वभावावरून भांडत आहेत आणि प्रश्न स्वभावाचा नाहीच. कर्नल वाटाघाटीला बसे तेव्हा एल्विसच्या बाजूने कोण बसलेले असे, एवढाच प्रश्न आहे.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की कर्नल नसता तर एल्विस दक्षिणेतल्या गावोगावच्या मेळ्यांत गात राहिला असता. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये सॅम फिलिप्सने 1954 च्या जुलैत एल्विसचा आवाज ओळखला खरा, पण ती छोटी कंपनी त्याला देशभर नेऊ शकत नव्हती. ऑगस्ट 1955 मध्ये पार्करने त्याच्याशी पहिला करार केला. एल्विस तेव्हा वीस वर्षांचा, कायद्याने अज्ञान. म्हणून वडील व्हर्नन यांचीही सही घेतली गेली. त्याच नोव्हेंबरात आरसीए या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने सनकडून एल्विसचा करार विकत घेतला. त्यासाठी 35 हजार डॉलर आणि एल्विसच्या थकलेल्या रॉयल्टीचे 5 हजार मोजले गेले. पुढच्या वर्षी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तीनदा गाण्याचे 50 हजार डॉलर ठरले. एल्विसच्या नावाचा माल बाजारात आला आणि त्याचा द्वेष करणाऱ्यांसाठी ‘आय हेट एल्विस’चे बिल्लेही कर्नलने विकले, म्हणजे निंदकही गिऱ्हाईकच झाला. इतका बाजार कळणारा माणूस त्या काळात दुसरा क्वचितच असेल. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. 1956 चे यश 1956 च्या हिशेबात जमा होते. त्याच्या बळावर पुढची वीस वर्षे कुणाच्या मिळकतीवर हक्क सांगता येत नाही, आणि नंतरच्या प्रत्येक व्यवहाराचे समर्थन तर मुळीच होत नाही.

कर्नलच्या विरोधकांचा आवडता मुद्दा टक्केवारीचा आहे आणि तो या खटल्यातला सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. सुरुवातीपासून कर्नल 25 टक्के घेई. ब्रायन एपस्टाइन बीटल्सकडून 25 टक्केच घेत होता आणि अल्बर्ट ग्रॉसमन बॉब डिलनकडूनही साधारण तेवढेच. बीटल्सच्या नावाचा माल विकण्याच्या करारात एपस्टाइनने नव्वद टक्के उत्पन्न दुसऱ्याच्या घशात घातले, यावरून त्याला आजही बोल लावले जातात. पण त्या चुकीत बीटल्सबरोबर तो स्वतःही बुडाला. इथे फरक दिसतो. साधी टक्केवारी घेणारा मॅनेजर कलावंताच्या नफ्यातोट्याला बांधलेला असतो. कलावंताला शंभर कमी मिळाले की त्याचेही पंचवीस जातात, म्हणून त्याचा लोभसुद्धा कलावंताच्या कामी येतो. जानेवारी 1967 च्या नव्या कराराने ही गाठ सुटली. ठरावीक मानधनावर 25 टक्के कायम राहिले आणि त्यावरच्या अनेक प्रकारच्या नफ्यात कर्नल निम्म्याचा भागीदार झाला. भागीदार होण्यातही पाप नाही. पण भागीदार आपला हिस्सा सांभाळतो आणि मुखत्यार दुसऱ्याचा. ही दोन कामे एकाच माणसाने एकाच टेबलावर केली, तर दुसऱ्याचा हिस्सा सांभाळायला कुणी उरत नाही.

मार्च 1973 चा आरसीएबरोबरचा व्यवहार हा याचा सगळ्यांत मोठा पुरावा आहे. तोवरच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवरची पुढची रॉयल्टी कायमची सोडून देण्याच्या बदल्यात कंपनीने 54 लाख डॉलर दिले आणि ती रक्कम एल्विस व कर्नल यांच्यात जवळपास निम्मी-निम्मी वाटली गेली. त्याच सुमारास आरसीएने कर्नलशी आणि त्याच्या कंपनीशी नियोजन, प्रसिद्धी, सल्ला अशा कामांचे वेगळे करार केले. सगळ्या करारांची बेरीज मांडली, तर गाणाऱ्यापेक्षा त्याच्या प्रतिनिधीच्या पदरात जास्त रक्कम पडली. आता खरेदीदाराच्या जागी उभे राहून पाहा. समोरच्या माणसाला आपण स्वतंत्र मोबदला देतो आहोत आणि तोच माणूस विकणाऱ्याच्या वतीने भाव ठरवतो आहे, तर भाव वाढवायचे कारण काय? पुढच्या वर्षी मालविक्रीसाठी उभारलेल्या बॉक्सकार कंपनीत कर्नलचा हिस्सा 40 टक्के होता आणि ज्याच्या नावावर माल खपायचा त्या एल्विसचा 15. अशा वाटणीला हावरटपणा म्हणून सोडून देता येईल, पण खरे दुखणे रचनेत आहे. या रचनेत एल्विस पक्षकार राहिलाच नव्हता. तो विकायचा माल होता.

यावर उत्तर येते की एल्विसने सह्या राजीखुशीने केल्या. 1973 मध्ये त्याचा घटस्फोट चालू होता, रोख पैसा हवा होता, आणि गाडी-घोड्यांवर तो स्वतःच पाण्यासारखा पैसा उधळत होता. कर्नलने फक्त त्याची गरज भागवली. पण गरजू माणसाची सही हा त्याच्या सल्लागाराच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही. माणूस अडलेला असतो तेव्हाच त्याला तटस्थ सल्ला लागतो, आणि एल्विसच्या भोवती कर्नलच्या व्यवहाराची छाननी करणारा स्वतंत्र वकील नव्हता. वेगळे होण्याचा रस्ताही मोकळा नव्हता. सप्टेंबर 1973 मध्ये लास व्हेगासला दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि संबंध तुटल्यातच जमा होते. तेव्हा कर्नलने येणे असलेल्या रकमेचा भलामोठा हिशेब पुढे केला. तो फेडणे बापलेकांच्या आवाक्यात नव्हते, म्हणून समेट झाला. सोडून जाण्याची किंमत आपला प्रतिनिधीच ठरवत असेल, तर राहणे राजीखुशीचे कसे म्हणायचे? इंग्लंडमधल्या न्यायालयांनी असाच प्रश्न गिल्बर्ट ओ’सलिव्हन या गायकाच्या खटल्यात 1980 च्या दशकात सोडवला. त्याचा मॅनेजर गॉर्डन मिल्स आणि संबंधित कंपन्या यांनी प्रतिनिधित्व, गाण्यांचे प्रकाशन, ध्वनिमुद्रण असे सगळे हक्क आपल्याकडे घेतले होते, आणि तरुण गायकाला स्वतंत्र सल्ला मिळाला नव्हता. न्यायालयाने हे नाते विश्वासाचे मानले, करार रद्द केले आणि हक्क परत दिले. मात्र मिल्सच्या मेहनतीमुळे गायकाचे नाव झाले हे मान्य करून त्याच्या बाजूला वाजवी मोबदलाही दिला. कर्नलच्या वकिलीला याहून नेमके उत्तर मला दिसत नाही. श्रेयाचे पैसे द्यावेत, पण श्रेयाच्या नावावर मालकी देऊ नये.

कुणी म्हणेल की ही सगळी पैशांची भांडणे झाली. गाण्याला त्याचे काय? गाण्यालाच सर्वांत जास्त भोगावे लागले. एल्विसने गायची गाणी शक्यतो हिल अँड रेंज या प्रकाशनसंस्थेच्या व्यवस्थेतून यावीत आणि गीतकारांनी आपल्या उत्पन्नातला वाटा सोडावा, हा शिरस्ता कर्नलच्या राज्यात पक्का झाला. पन्नासच्या दशकात एल्विसने गाणे म्हणजे हमखास खप, म्हणून गीतकार मुकाट्याने वाटा सोडत. साठच्या दशकात बीटल्स, डिलन यांच्या पिढीने स्वतःची गाणी स्वतःच लिहायला घेतली आणि चांगल्या गीतकारांना ही अट जाचू लागली. मग एल्विसपर्यंत पोचू लागली ती वाटा सोडायला तयार असणाऱ्यांची गाणी. 1956 ते 1969 या काळातल्या त्याच्या 31 कथापटांपैकी उत्तरार्धातल्या अनेकांची गाणी आज का ऐकवत नाहीत, याचे निम्मे उत्तर इथे आहे. 1969 मध्ये मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत चिप्स मोमनने ‘सस्पिशस माइंड्स’च्या प्रकाशनहक्कात वाटा द्यायला ठाम नकार दिला, तरीही ते गाणे बाहेर आले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. 1974 मध्ये डॉली पार्टनकडे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’चे निम्मे प्रकाशनहक्क मागितले गेले. ती नाही म्हणाली आणि एल्विसने ते गाणे ध्वनिमुद्रित केलेच नाही. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते जगभर नेले. त्या नकाराने पार्टनचे भले झाले, तोटा एल्विसच्या गळ्याचा झाला. याउलट कर्नलचे न ऐकल्याने काय होते, हे 1968 च्या एनबीसी वाहिनीवरच्या कार्यक्रमात दिसले. कर्नलला नाताळची गाणी हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडरने ती बाजूला सारली, आणि जो एल्विस संपला असे लोक म्हणत होते तो परत उभा राहिला.

परदेश दौऱ्यांबाबत मात्र चाहत्यांनी जरा सबुरीने बोलावे. एल्विसने अमेरिकेबाहेर कार्यक्रम केले ते फक्त 1957 मध्ये, कॅनडातल्या तीन शहरांत. पासपोर्ट नसलेला कर्नल परदेशी जाऊ शकत नव्हता आणि एल्विसला एकटे सोडायला तयार नव्हता, हे चरित्रकारांचे अनुमान पटण्यासारखे आहे, तरी ते अनुमानच आहे. मला व्हेगासचा पुरावा जास्त वजनदार वाटतो. 1969 पासून 1976 पर्यंत एल्विस एकाच हॉटेलात सहाशेहून अधिक वेळा गायला. आठवड्याला सव्वा लाख डॉलरची बिदागी काही वर्षांसाठी आधीच ठरवून टाकलेली होती, आणि त्याच हॉटेलच्या जुगारखान्यात कर्नल मोठमोठ्या रकमा हरत होता. यजमानाशी ताठरपणे घासाघीस करायची मुभा अशा माणसाला किती असेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

शेवटचा आक्षेप असा की आजच्या नियमांनी त्या काळाला मोजणे अन्याय आहे. पण हे मोजमाप त्या काळातच झाले. एल्विस 16 ऑगस्ट 1977 रोजी वयाच्या 42 व्या वर्षी गेला. व्हर्नन यांच्या मृत्यूनंतर मालमत्तेचे व्यवहार मंजुरीसाठी मेम्फिसच्या न्यायालयापुढे आले आणि अल्पवयीन वारस लिसा मेरीच्या हितासाठी 1980 मध्ये ब्लँचर्ड टुअल या वकिलाची नेमणूक झाली. त्याच्या अहवालांनी कर्नलचा 50 टक्क्यांचा वाटा अवाजवी ठरवला आणि 1973 च्या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. न्यायालयाने मालमत्तेच्या व्यवस्थापकांना कर्नलला पैसे देणे थांबवायला आणि त्याच्यावर दावा लावायला सांगितले. बचावात कर्नलने आपण कुठल्याच देशाचे नागरिक नसल्याचा मुद्दाही काढला. 1983 मध्ये तडजोड झाली, म्हणून दोषी ठरवणारा निकाल कधी लागला नाही, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. पण पहिल्यांदाच कुणीतरी केवळ एल्विसच्या वारसाच्या वतीने कागद वाचले, आणि इतक्या वर्षांत कुणाला न दिसलेले त्या माणसाला वर्षाच्या आत दिसले, ही गोष्टही तितकीच नोंदवण्याजोगी आहे.

एल्विसचे औषधी गोळ्यांचे व्यसन, त्याचा उधळेपणा, कागदपत्रांचा कंटाळा यांना एल्विसच जबाबदार होता. ते कर्नलच्या माथी मारणे म्हणजे एका प्रौढ माणसाला कायमचे पोर ठरवणे होय, आणि कर्नलही त्याला तसेच वागवत होता. म्हणून या प्रकरणातून चांगला मॅनेजर आणि वाईट मॅनेजर अशी शिकवण काढू नये. स्वभाव पारखून कलावंत सुरक्षित होत नाही. एल्विसने कर्नलवर मनापासून विश्वास ठेवला होता आणि तो विश्वास पूर्णपणे वेडगळही नव्हता. कलावंताला लागतात त्या रुक्ष गोष्टी: करार वाचणारा स्वतःचा वकील, मॅनेजरने समोरच्या पक्षाकडून एक पैसाही वेगळा घेऊ नये असे कलम, ठरावीक मुदतीनंतर सुटण्याची वाट आणि दरवर्षी तिऱ्हाइताने तपासलेला हिशेब. यांतली एक तरी गोष्ट 1967 मध्ये असती तर कर्नलला वाटेल तेवढे कमिशन मिळाले असते, आणि तरी गाणे निवडायचा हक्क एल्विसकडे राहिला असता. गायकाची मिळकत वाढवणाऱ्या माणसाने भरपूर कमवावे, त्यात गैर काही नाही. मात्र गायकाचे नुकसान होऊनही त्याचा फायदा होत असेल, तर तो कितीही हुशार, कष्टाळू, प्रेमळ असो, त्याला मॅनेजर म्हणू नये आणि त्याच्या हाती लेखणी देऊ नये.