मालक आपला, मग पगार कुठाय?



२०२३ च्या उन्हाळ्यात आपल्या अभ्यासमंडळातल्या एका शिकलेल्या मित्रानं खोलीच्या भिंतीवर एक फोटो चिकटवला. अँटोनियो ब्राऊन. अमेरिकेतला नामांकित काळा खेळाडू, एका फुटबॉल संघाचा मालक झालेला. मित्र म्हणाला, "बघ, ज्यांना बाजारात विकलं त्यांची पोरं आज मालक झाली. हीच क्रांती." मी गोदीतून पाळी करून आलो होतो. अंग ठणकत होतं. गप्प बसलो. आज बसणार नाय.

आधी खेळ समजून घ्या. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखेत मारायचा, पळायचं, आडवा येईल त्याला धडकायचं, असा हा अमेरिकी खेळ. मोठ्या मैदानात अकरा-अकरा जण, शंभर यार्डांची लांबी. १९८७ पासून तोच खेळ छपराखाली आणला. पन्नास यार्ड, आठ-आठ जण, कडेला गादी लावलेल्या भिंती. माणूस भिंतीवर आदळतो आणि पब्लिक टाळ्या पिटतं. वरच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २०२३ साली नवख्या पोराला वर्षाला कमीत कमी साडेसात लाख डॉलर ठरलेले होते. तिथलं दार ज्यांना बंद, ते या छपराखाली थोडक्या मजुरीवर हाडं मोडून घेतात. त्यात कितीतरी काळी पोरं.

ती येतात कशाला? कर्ट वॉर्नरसाठी. हा गडी किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल लावायचा. छपराखाली खेळला, वर गेला, २००० च्या जानेवारीत सुपर बोल जिंकला. एक वॉर्नर दाखवायचा नि हजारांना राबवून घ्यायचं. आपल्याकडं एक कलेक्टर दाखवून अख्ख्या वस्तीचं तोंड बंद करतात, तसंच हे.

आता अल्बनीची गोष्ट. न्यूयॉर्क राज्याची राजधानी. तिथला संघ अल्बनी एम्पायर. नॅशनल अरेना लीगमध्ये २०२१ आणि २०२२, लागोपाठ दोनदा विजेता. ब्राऊनचा बाप एडी ब्राऊन याच अल्बनीत छपराखाली खेळलेला. २००६ साली अरेना फुटबॉलच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. बाप ज्या गावात भिंतीवर आदळला, त्या गावात पोरगा मालक. काळजाला हात घालणारी गोष्ट, कबूल.

पण हंगाम काय झाला? खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या. मालक स्वतः मैदानात उतरणार अशी जाहिरात झाली, उतरला नाही. लीगची ठरलेली वर्गणी थकली. १५ जून २०२३ ला लीगनं हंगामाच्या मध्यातच संघ हाकलून दिला. दोनदा जिंकलेला संघ एका हंगामात साफ. मालकाला दुसरा धंदा आहे. गुडघा सुजलेल्या पोरानं जायचं कुठं?

दोष एकट्या ब्राऊनचा म्हणाल तर चुकाल. २०२४ साली जुनी अरेना फुटबॉल लीग नव्यानं उभी केली. सोळा संघ, एप्रिलच्या अखेरीस सुरुवात. काही आठवड्यांतच संघ गळायला लागले, पगाराची बोंब झाली, कमिशनरला जावं लागलं. म्हणजे गोम माणसात नाय, मांडणीत आहे. तिकिटाचा पैसा आज, मजुरी उद्या, आणि उद्याचा भरवसा कुणालाच नाही.

मला हे परकं वाटत नाही. आमच्या गोदीत एक ठेकेदार होता. आपल्यातलाच. गाडीवर निळा झेंडा, टेबलामागं बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला सगळ्यात मोठी वर्गणी त्याची. आमच्या टोळीची तीन आठवड्यांची मजुरी त्यानं दाबली. मागायला गेलो तर म्हणतो, "आपल्याच माणसाच्या विरोधात जाता? समाज काय म्हणेल?" च्यायला, समाज! घरी पिठाचा डबा रिकामा होता, आणि आमची तोंडं त्या फोटोकडं बघून बंद झाली. ती चूक आमची. तीच चूक तुम्ही अल्बनीचा फोटो लावून करताय.

मग काळ्यानं, दलितानं मालक होऊच नये? असं मी म्हणत नाही. तो त्या खुर्चीत बसला की माझीही छाती फुगते. पण छाती फुगली म्हणून हिशेब चुकता होत नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन! आपण एक सोयीनं विसरलो. १९७२ साली इथल्या पोरांनी ओकलंडच्या काळ्या पोरांकडून पँथर हे नाव घेतलं, ते लढण्यासाठी. मालकाची आरती ओवाळण्यासाठी नव्हे.

उद्या आपला माणूस संघाचा, कारखान्याचा, कॉलेजचा मालक झाला तर हार घेऊन जरूर जा. मीही येईन. हार घातल्यावर तिथंच उभं राहून विचारू: पगारपत्रक दाखव. दाखवलं तर आपला. 'समाज काय म्हणेल' म्हणाला, तर तो कुणाचा ते तिथंच कळेल.

मित्रा, भिंतीवरचा फोटो काढू नकोस. त्याच्याशेजारी त्या संघातल्या सगळ्या खेळाडूंची नावं लिही. जागा पुरत नसेल तर फोटो थोडा सरकव.

जय भीम.