संकेतस्थळ कोणासाठी?

'आता सगळे मोबाइलवर आले आहे,' हे वाक्य आजकाल उठताबसता कानी पडते. सातबारा मोबाइलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर, निकालही मोबाइलवर. खरेच आहे. परंतु कोणत्या मोबाइलवर, हे कोणी विचारीत नाही. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या खेड्यांत आजही अशी घरे आहेत, जेथे घरात फोन एकच असतो, तो वडिलांच्या खिशात असतो आणि तो बटणांचा असतो.

बटणांचा म्हणून त्यात इंटरनेट नाही असे मात्र नव्हे. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये ब्राउझर होता. (शब्दकोशवाले त्याला 'न्याहाळक' म्हणतात, बोलताना मी तरी तो शब्द ऐकलेला नाही.) पडदा २.४ इंचांचा, त्यावर २४० बाय ३२० ठिपके. बोट फिरवून काही हलत नाही, बाणांच्या बटणांनी सरकत जायचे. असा फोन घेऊन एखादा अर्ज भरावयास बसा; जन्मतारखेपाशीच गाडी अडते. तारीख टाइप करता येत नाही. एक चिमुकले कॅलेंडर उघडते आणि त्यातली वर्षे बोटाने मागे ओढायची असतात! त्यातूनही कोणी पुढे सरकला, तर 'सादर करा' हे बटण पडद्याच्या उजवीकडे कोठेतरी बाहेर राहिलेले असते.

मग विद्यार्थी तालुक्याच्या नेट कॅफेत जातो. अर्जामागे पैसे मोजतो. ओटीपी येतो वडिलांच्या फोनवर, आणि वडील असतात हळदीच्या रानात, जेथे रेंज असेलच असे नाही. आकडा कळेपर्यंत त्याची मुदत संपते. पुढे पासवर्डही पुष्कळदा दुकानदाराच्या वहीतच राहतो. शिष्यवृत्ती ज्याची, त्याच्या हाती काय उरले?

मित्रहो, यात फोनचा दोष नाही, आणि वेबचाही नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली, तीच मुळी निरनिराळ्या जातींच्या संगणकांना एकच माहिती वाचता यावी म्हणून. एचटीएमएलची रीतच अशी आहे की, ब्राउझरला एखादी खूण कळली नाही तर त्याने ती सोडून द्यावी, पण आतला मजकूर दाखवावा. साधा मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप ओळी मोडून घेतो. अडवणूक करणारे आपण. रुंदी बांधून टाकतो, जड चित्रे लादतो आणि दोन ओळींच्या सूचनेचा फोटो काढून तो चिकटवतो. त्या फोटोतली अक्षरे दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही नीट लागत नाहीत.

मराठी वाचकाने हा जाच पूर्वीही सोसला आहे. २००० सालच्या आसपास प्रत्येक वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा फाँट निराळा; तो नसला की बातमीऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसत. काही संकेतस्थळे तर इंटरनेट एक्सप्लोररवाचून उघडायलाच तयार नसत. पुढे युनिकोड रुळला आणि ते संकट टळले. साध्या फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसत, तेव्हा ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये अक्षरांचे चित्र करून मागवण्याची एक आडबाजूची सोय होती. ती युक्ती लोकांनी एकमेकांना सांगितली. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र २०२२ साली निवृत्त झाला. 'याच ब्राउझरमध्ये पाहावे' म्हणणाऱ्यांचा ब्राउझरच राहिला नाही.

काही जण म्हणतील, जुने फोन आज ना उद्या जाणारच, त्यांची चिंता कशाला? पण आजचा स्वस्त स्मार्टफोनही चार वर्षांनी जुनाच होतो, आणि तोवर हा अर्जाचा हंगाम काही थांबत नाही. शिवाय साधे पान करण्यास श्रम अधिक लागत नाहीत, कमीच लागतात. प्रत्येक कामाला निराळे ॲप काढण्याची हौस तर मला मुळीच पटत नाही. २०२१ साली सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो आणि जागेची नोंद लागते. तेथे ॲप समजू शकते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कॅमेरा कशाला हवा?

ही काही मेहेरबानीची मागणी नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. आपल्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली थरथर तेथे वाचली जाईल. त्याच तालुक्यात सूचनाफलकावरचा कागद फोनवर वाचता येऊ नये, हे मला विचित्र वाटते.

आपल्यापुरते एक करता येईल. संगणक कक्षात एक बटणांचा फोन आणि एक जुना, भेगाळलेला स्मार्टफोन ठेवावा. वेळापत्रक असो की प्रवेशाची सूचना, संकेतस्थळावर चढवण्याआधी ती या दोन्हींवर उघडून पाहावी. तीही कक्षातल्या वायफायवर नव्हे, आवारातल्या लिंबाखाली उभे राहून, जेथे एकच काडी रेंज येते.