करमाफ डबा आणि माहितीचा भार

२०२५ ची दिवाळी तोंडावर आली असताना परभणी, सेलू, जिंतूर येथील ज्या घरांतील मुले अमेरिकेत आहेत, त्यांच्यापुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. फराळाचा डबा टपालाने पाठविण्याची सोयच उरली नव्हती. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेस जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबविले आणि महिनाअखेरीस भेटवस्तूही बंद झाल्या. सेवा पूर्ववत झाली ती १५ ऑक्टोबरला. म्हणजे लक्ष्मीपूजनाला आठवडाही उरला नसताना.

याचा सारा दोष वाढीव आयातकराच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तूंवर तेव्हाही कर नव्हता. मग करमुक्त डबा अडला का?

अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल करमुक्त होता. या सवलतीत वस्तुतः दोन माफी होत्या: एक कराची, दुसरी तपशीलवार माहितीची. वस्तूचे त्रोटक वर्णन आणि किंमत एवढ्यावर बहुधा भागत असे. अशा पार्सलांची संख्या २०१५ ते २०२४ या काळात सुमारे दसपट होऊन १३६ कोटींवर गेली. त्यांच्या आडून मादक द्रव्ये येतात, किमती कमी दाखविल्या जातात, ही तेथील शासनाची तक्रार निराधार नव्हती. २९ ऑगस्ट २०२५ रोजी ही सवलत सर्व देशांसाठी स्थगित झाली. मात्र कर कोणी गोळा करावा आणि माहिती कोणी पुरवावी, याची व्यवस्था तोवर लागली नव्हती. विमान कंपन्यांनी टपाल उचलण्यास असमर्थता दर्शविली आणि करपात्र मालाबरोबर करमुक्त डबाही अडकला.

या बाबतीत भारताचे धोरणही फारसे निराळे नाही. परदेशातून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची माफी डिसेंबर २०१९ मध्ये आपणच बंद केली. वाचली ती राखी आणि जीवरक्षक औषधे. भेटीच्या नावाखाली व्यापार चालतो, हेच कारण तेव्हा पुढे आले होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा असा की, कर हा मालाच्या किमतीच्या प्रमाणात असतो. माहिती देण्याचा खर्च तसा नसतो. वर्गवारीचा सांकेतिक क्रमांक शोधणे, मूळ देश नोंदविणे, किंमत सिद्ध करणे यांस पाचशे रुपयांच्या डब्याला जेवढे श्रम पडतात, जवळजवळ तेवढेच पाच लाखांच्या मालाला. मोठी पेढी हा खर्च लाखो नगांवर वाटून टाकते. परभणीतील एखाद्या बचत गटाला तो एकाच पार्सलावर सोसावा लागतो. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सारखा नसतो.

नियम शहाणपणाने आखता येतात, याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. तेथे येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना अन्न प्रशासनाला द्यावी लागते. मात्र एका व्यक्तीने स्वतःच्या घरी करून दुसरीला भेट म्हणून पाठविलेल्या पदार्थास त्यातून सूट आहे. म्हणजे घरची चकली सुटते, दुकानातून घेतलेली सुटत नाही. हा भेद किती पाठविणाऱ्यांना ठाऊक असतो?

माहितीची मागणी आता मागे जाणार नाही. युरोपीय संघानेही १५० युरोपर्यंतची करमाफी संपविण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. तेव्हा उपाय घरीच शोधला पाहिजे. टपाल खात्याने निर्यातदारांसाठी देशभर हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तशीच मदत सामान्य पाठविणाऱ्यालाही तालुक्याच्या टपाल कचेरीत मिळावयास हवी. फराळ, कपडे, पुस्तके अशा नित्याच्या वस्तूंचे सांकेतिक क्रमांक मराठीत छापून खिडकीवर लावण्यास फार खर्च येणार नाही. या क्रमांकांतील पहिले सहा अंक तर बहुतेक सर्व देशांत समानच असतात. जी माहिती शासन मागते, ती देण्याचे साधनही नागरिकाच्या हाती देणे हे शासनाचेच कर्तव्य ठरते. ते पार पडले नाही, तर करमाफी कागदावर राहील आणि डबा परभणीतच.