प्राणायाम सांगताना पाण्याचे भान

स्थौल्यासाठी माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुणास आहार व औषध यांबरोबर मी कपालभाती सांगितली होती. वजन उतरले. पुनर्तपासणीस आला असता तो उत्साहाने म्हणाला, "डॉक्टर, आणखी एक फायदा झाला. तलावाच्या काठावर पन्नास-साठ वेळा कपालभाती करून सूर मारला की पाण्याखालून सगळी लांबी पार होते, श्वास घ्यावासाच वाटत नाही." पुढे अंदमानात जाऊन 'फ्रीडायव्हिंग', म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता एकाच श्वासावर खोल बुडी मारण्याची विद्या, शिकण्याचा त्याचा मानस होता. त्याचे शेवटचे वाक्य ऐकून मी अस्वस्थ झालो. श्वास घ्यावासा न वाटणे हाच तर येथे धोका आहे.

विश्रांत अवस्थेत निरोगी मनुष्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलेच असते. जलद श्वसनाने त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि श्वास घेण्याची तातडी मुख्यतः त्याच्याच वाढीमुळे उत्पन्न होते. म्हणजे शिदोरी तेवढीच राहते आणि ती संपत आल्याची सूचना मात्र उशिरा मिळते. त्यात पाण्याचा दाब. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे उरलेला ऑक्सिजनही तेथे पुरेसा भासतो. वर येताना दाब निम्म्यावर येतो आणि पृष्ठभाग हाताशी आला असता शुद्ध हरपते. उथळ तलावात खोलीचा प्रश्न नसला तरी पहिले कारण पुरेसे असते. पट्टीचे पोहणारेही असे बुडतात, आणि बुडण्यापूर्वी त्यांना कसलाही त्रास जाणवलेला नसतो.

आपल्याला हा विषय परका वाटू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अधारणीय वेगांमध्ये श्रमश्वासाची गणना आहे, आणि त्याच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे सांगितले आहे. उपाय म्हणून विश्राम व वातघ्न क्रिया सांगितल्या आहेत. आचार्यांना समुद्रातील बुडी अभिप्रेत होती असे म्हणणे अतिव्याप्ती ठरेल. पण संमोहाचा उल्लेख विचार करायला लावणारा आहे. शिवाय येथे वेगधारणाच्याही पुढचा प्रकार घडतो. वेग दाबणाऱ्यास निदान वेग आला हे कळते. या तरुणाने तर वेग उत्पन्नच होऊ नये अशी व्यवस्था केली होती.

कोणी म्हणेल, भस्त्रिकेनंतर कुंभक हा ग्रंथोक्तच आहे. आहे, पण तो आसनावर, जमिनीवर. तेथे भोवळ आली तर मान खाली पडते आणि श्वास आपोआप सुरू होतो. पाण्यात तो पहिला श्वास पाण्याचाच असतो. हठप्रदीपिकेनेही वायूला सिंह, हत्ती व वाघ यांच्याप्रमाणे हळूहळू वश करावे, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असे बजावले आहे. कपालभाती तर तेथे षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत गणली आहे. तिला श्वास कोंडण्याची पूर्वतयारी मानणे हा आपल्या काळातील शिबिरी गोंधळ.

योगाचा या क्रीडेशी संबंध मात्र खरा आहे. १९७६ मध्ये एल्बा बेटाजवळ एका श्वासावर १०० मीटर खोली गाठणारे पहिले पाणबुडे, फ्रान्सचे झाक मायोल, योगाभ्यासी होते. आज या विद्येचे जाणते शिक्षक शिकवतात ते भस्त्रिकेच्या अगदी उलट आहे: पाण्यावर निश्चल पडून काही मिनिटे पोटाने मंद श्वसन, पूरकापेक्षा रेचक दीर्घ, अंगात कोठेही ताण नाही, आणि शेवटी आधी पोट, मग छाती भरणारा एकच पूर्ण श्वास. महाप्राचीराची लवचिकता वाढवण्यासाठी ते उड्डियान बंधही करवतात, पण जमिनीवर आणि रिकाम्या पोटी. दोन बुड्यांच्या मध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती असते. प्रत्येक बुडीवर प्रशिक्षित जोडीदाराची नजर असते, आणि वर आल्यावरही तो अर्धा मिनिट दृष्टी हलवत नाही, कारण पहिला श्वास घेतल्यानंतरही शुद्ध जाऊ शकते. प्रतिश्याय असता बुडी वर्ज्य, कारण कानातील दाब समतोल करता येत नाही. "बुडीपुरते नाक मोकळे करणारे काही द्या" असे मागणाऱ्या गिऱ्हाइकास औषधालयचालकांनी नकार द्यावा हे बरे.

दोष त्या तरुणाचा नाही. मी त्याला आवर्तने सांगितली, वेळ सांगितली, भोजनोत्तर निषेध सांगितला. पाण्याचा निषेध सांगितला नाही. आपल्यापैकी किती जण सांगतात? उन्हाळी सुट्टीत आपल्या गावच्या विहिरींवर मुले पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज लावतात, आणि त्यांतील कित्येकांच्या घरी आता दूरचित्रवाणीवर पाहून भस्त्रिका चालते. आपण औषधाबरोबर प्राणायामाची छापील पत्रके देतो, काही औषधालयांत ती गल्ल्यावरच ठेवलेली असतात. त्यांवर पोट रिकामे असावे हे असते, उच्च रक्तदाब व गर्भिणी यांचा निषेध असतो. त्याखाली आणखी एक ओळ ठळक अक्षरांत छापावी: "पोहण्यापूर्वी किंवा बुडी मारण्यापूर्वी भस्त्रिका, कपालभाती अथवा जलद श्वसन करू नये, पाण्याखाली श्वास रोखण्याचा सराव एकट्याने करू नये." माझ्याकडील जुनी पत्रके संपेपर्यंत ही ओळ मी हाताने लिहून देत आहे.