साचा लहान, कलम मोठे : घरी गोळ्या पाडण्याचा छंद आणि आपला शस्त्र कायदा

आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांतली मुले-सुना आज अमेरिकेत आहेत. तिकडच्या हौशी-छंदांच्या चित्रफिती मोबाइलवर इकडेही पोहोचतात. त्यातलाच एक छंद म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरी पाडणे. शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, थंड झाले की ठोकून गोळी बाहेर काढायची. साचा कोणता घ्यावा यावर तिकडे तासन्‌तास चर्चा चालते. ॲल्युमिनियमचा हलका व स्वस्त, लोखंडी टिकाऊ पण गंजणारा, पितळी चांगला पण महाग. एका ओतणीत दोन गोळ्या हव्यात की सहा, कोणत्या बोअरच्या आणि किती ग्रेन वजनाच्या, असा सगळा हिशेब असतो.

पाहताना हे सोनाराच्या मुशीसारखे साधे वाटते. "नुसते शिसेच तर ओतायचे, दारू कुठे भरायची आहे?" असे आमच्या कानावर एक-दोनदा आले, म्हणून हा विषय घेतला. आमचे म्हणणे आधीच सांगतो : आपल्या देशात गुन्हा गोळी झाडल्यावर सुरू होत नाही, गोळी पाडल्यावरही नाही. तो साच्यापासूनच सुरू होतो.

कायदा काय म्हणतो

मराठीत आपण 'गोळी' हा शब्द सैल वापरतो. खरे तर गोळी म्हणजे पुढचे शिशाचे टोक. पितळी नळी, तिच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि ही गोळी मिळून होते ते काडतूस. त्यामुळे पूर्ण काडतूस नसेल तर तो दारूगोळा नव्हे, असा समज होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याने तो समज ठेवलेला नाही. कलम २ मधल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात, आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. गोळ्या पाडायचा साचा दुसरे काय आहे?

पुढे कलम ३ सांगते की परवान्याशिवाय दारूगोळा बाळगता येत नाही, आणि कलम ५ सांगते की त्यासाठी नेमलेल्या परवान्याशिवाय तो बनवता किंवा विकता येत नाही. कलम १० प्रमाणे बाहेरदेशातून आणायलाही परवाना लागतो. म्हणजे मुलाने हौसेने सामानात टाकून आणलेला साचा विमानतळावर अडचण ठरू शकतो.

शिक्षाही आता हलकी राहिलेली नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याला किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. नुसते बाळगण्यालाही सर्वसाधारणपणे २ ते ५ वर्षे आहेत. नकळत सामानात राहिलेल्या एखाद्या काडतुसाबाबत न्यायालये जाणीवपूर्वक ताबा होता का, हे पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात हे तत्त्व मांडले. पण निवडून, पैसे देऊन मागवलेला साचा नकळत आला असे कोण म्हणणार?

परवाना आहे, मग अडचण काय?

हा प्रश्न परवानाधारक मंडळी विचारतात. आम्ही आयुष्य बँकेत काढले, तेव्हा बँकेचेच उदाहरण देतो. बँकेत खाते आहे म्हणून कोणाला घरी नोटा छापता येत नाहीत. नोटांचा ठसा घरात सापडला तर एकही नोट छापलेली नसली तरी गुन्हा होतो. शस्त्राचेही तसेच आहे. आपला परवाना बाळगण्याचा असतो. बनवण्याचा परवाना वेगळा, आणि तो घरगुती हौसेसाठी नाही.

शाखेत बंदूकधारी रक्षक असे, त्यामुळे या हिशेबाची आम्हाला सवय आहे. काडतुसे किती, वापरली किती, शिल्लक किती हे मोजून नोंदवले जाई. परवान्यावरही काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. घरी गोळ्या पाडणे म्हणजे नेमका हा हिशेब मोडणे. कारखान्याच्या काडतुसाला छाप असतो. पुण्याच्या खडकी कारखान्याचा 'केएफ' अनेकांनी पाहिला असेल. विक्रेत्याच्या वहीत त्याची नोंद असते. घरच्या गोळीला ना छाप, ना नोंद.

अमेरिकेत हे का चालते? तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे, आणि स्वतःच्या वापरापुरती काडतुसे तयार करायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे असा मूलभूत हक्क नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा दोन देशांतला हाच फरक बोलून दाखवला.

एक आक्षेप ऐकायला हवा. इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आपल्याला निःशस्त्र ठेवण्यासाठी केला, मग तेच आज का चालवायचे? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच स्वतंत्र भारताने तो कायदा बाजूला सारून १९५९ चा केला, आणि त्यात गरजवंताला वाट ठेवली. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर कलम १३ मध्ये तशी तरतूद आहे. बेला, जैनथ, तामसीकडच्या शेतकऱ्याला ज्वारी-मक्यात शिरणाऱ्या रानडुकरांचा त्रास खराच आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराबाबत वन्यजीव कायद्याखालची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि कव्वाल व्याघ्र प्रकल्प आपल्या शेजारीच आहे.

आपल्याच गावचा अनुभव

डिसेंबर २०२० मध्ये आदिलाबाद शहरात ताटीगुडा भागात मुलांच्या क्रिकेटवरून भांडण झाले. एका स्थानिक पुढाऱ्याने परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या. जखमींपैकी एकाचा पुढे हैदराबादेत मृत्यू झाला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने पुढाऱ्याला जन्मठेप दिली. शस्त्र परवान्याचे होते, काडतुसे मोजलेली होती, तरी एवढे झाले. मोजदादच नसलेल्या गोळ्या घरोघर असत्या तर काय झाले असते, हे सांगायला नको.

दुसरे नुकसान गोळी न झाडताच होते. शिसे ३२७ अंशांना वितळते. त्याची वाफ आणि धूळ हाताला, कपड्यांना, स्वयंपाकघरातल्या भांड्यांना लागते. मुलांच्या शरीरात शिशाचे सुरक्षित असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुद्धीची वाढ खुंटते ती भरून येत नाही.

सभासदांनी काय करावे

१. जुन्या वाड्यांत, माळ्यावर ठासणीची बंदूक, चिमट्यासारखा गोळ्या पाडायचा साचा किंवा आजोबांच्या वेळची काडतुसे निघू शकतात. ती विकू नयेत, वाटू नयेत, नदीत टाकू नयेत. वकिलाचा सल्ला घेऊन पोलीस ठाण्याला लेखी कळवावे.

२. परवानाधारक वारल्यास त्यांचे शस्त्र कपाटात तसेच राहू देऊ नये. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाने परवान्यासाठी स्वतः अर्ज करावा.

३. एका परवानाधारकाला आता तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. तारीख पाहून ठेवावी.

४. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. आपली सोयरीक यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरला. शस्त्र घेऊन पैनगंगा ओलांडण्याआधी तो रकाना वाचावा.

५. वरातीत हवेत बार काढण्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यजमानांनी आधीच ठणकावून सांगावे.

६. परदेशातल्या मुलांना कळवावे : साचा, रिकाम्या पितळी नळ्या, आठवण म्हणून ठेवलेली गोळी, यातले काहीही सामानात नको.

नेमबाजीची खरी आवड असलेल्या मुलांना मात्र अडवू नये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांनी याच देशात, याच कायद्यात राहून नाव काढले. कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. मान्यताप्राप्त रायफल क्लब, प्रशिक्षक आणि नोंदवही हा त्याचा सरळ रस्ता आहे. तो सोडून घरातल्या शेगडीवर शिसे ओतायची गरज कोणालाच नाही.