संमती कोणाची विचारता?

नांदेडच्या एका बैठकीत मी कोळसा खाणीचा विषय काढला, तेव्हा एक कार्यकर्ते भाऊ म्हणाले, "ताई, बायकांचा खाणीशी काय संबंध?" भाऊ युनियनचे, चळवळीतले. म्हणूनच हे उत्तर चारचौघींत देते आहे.

नांदेडहून किनवट, आदिलाबाद, वणी असा रेल्वेमार्ग माजरीला जातो. तिथून जवळच वरोरा. एके काळी हे कोळशाचे गाव. त्या कोळशासाठीच वर्ध्याहून तिथे रेल्वे नेली. १९०६ साली खाण बंद पडली, काम बल्लारपूरकडे सरकले. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते. खाण आठवत नाही, आणि खाणीतली बाई तर मुळीच नाही.

पण बाई होती. देशभरच्या कोळसा खाणींत नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीने वाहून डबे भरायची. मजुरी डब्यांच्या हिशेबाने. आपल्या लातूर-नांदेडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात ना, तसेच. उचल त्याच्या नावावर, घाम दोघांचा.

१९२९ साली इंग्रज सरकारने बाईला जमिनीखाली बंदी केली. मध्य प्रांताला, म्हणजे आपल्या चांद्यालाही, दहा वर्षांची मुदत मिळाली. १९३९ पर्यंत सगळ्या बायांना वर काढायचे ठरले. कारण काय, तर संरक्षण! छत कोसळून नवरा मेला तर चालतो? आणि वर आलेल्या बाईच्या भाकरीचे काय? १९४३ मध्ये लढाईसाठी कोळसा हवा झाला, बंदी उठली. लढाई संपली, १९४६ मध्ये पुन्हा लागली. गरज सरकारची असली की बाई कणखर, गरज बाईची असली की ती नाजूक!

स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या खाण कायद्यानेही हीच बंदी चालवली. २०१९ मध्ये दार किलकिले झाले, पण तंत्रज्ञ, पर्यवेक्षक, अधिकारी बाईपुरते. टोपली वाहणारीच्या नातीला त्यात जागा नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता बाई संमती देऊन कुठेही काम करू शकते, असे सांगतात.

संमती! १९३७ मध्ये काढताना विचारली होती का? आणि आज कंत्राटदारापुढे ती "नाही" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतील?

खाणीत बाई मरावी असे मला वाटत नाही. पुरुषही मरू नये, एवढेच म्हणते. खाण दोघांसाठी सुरक्षित करा. हजेरीपटावर तिचे वेगळे नाव, तिच्या हातात तिची मजुरी, कामाच्या जागी पाळणाघर आणि संडास द्या. मग संमती विचारा.

भाऊ, संबंध हा असा आहे. पुढच्या बैठकीत आपल्या युनियनच्या कमिटीवर बाया किती, तेवढे मोजून या.