अर्धा गुंठा घरधनिणीच्या हाती



रथसप्तमी झाली की आपल्याकडे थंडी हटू लागते. या दिवसांत शेतकी विभागाची सारी धावपळ तोडणी-वाहतुकीची असते आणि सभासदांचे लक्ष आपली तोड केव्हा येणार याकडे लागलेले असते. अशा वेळी ऊस विकास अधिकाऱ्याने भाजीपाल्यावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण उन्हाळी भाजीची वेळ हीच आहे, आणि ती जेमतेम तीन आठवड्यांची आहे. पाडव्याला बी टोकून उपयोग नाही. तोपर्यंत ऊन चढलेले असते आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात.

गटात फिरताना बहुतेक वेळा आमचे जेवण सभासदाच्या घरीच होते. पाहुणचारात कुठेही कसूर नसते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पाच-सात एकर ऊस असलेल्या घरांतही पिठले, डाळ, बटाटा आणि शेंगदाण्याची चटणी यापलीकडे ताटात फारसे काही दिसत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची, आणि ती घरी येईतो सुकलेली असते. ज्याच्याकडे विहीर आहे, बोअर आहे, मोटार आहे, त्याने माठाची जुडी विकत घ्यावी ही गोष्ट मला पटत नाही. पूर्वी मोटेच्या विहिरीवर थारोळ्याच्या कडेला वांगी, मिरची, कांदा यांचे दोन वाफे असतच. उसाला पाणी पुरवता पुरवता ते वाफे कधी मोडले, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

हे बोलून दाखवले की ठरलेले उत्तर येते. “सायब, उसालाच पानी पुरंना, अन् तुमी भाजीचं काय सांगता?” म्हणून एकदा हिशोबच करू. सरीतून मोकाट पाणी दिले तर उसाला वर्षाकाठी एकरी सुमारे १ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे गुंठ्याला अडीच लाख लिटर. अर्धा गुंठा भाजीला, जमीन पाचटाने झाकलेली असेल तर, भर उन्हाळ्यातही दिवसाला २५० लिटरच्या आसपास भागते. पाच माणसांच्या घरात न्हाणीचे व भांड्यांचे १०० ते १२५ लिटर पाणी रोज गटारात जाते. ते वळवले तर विहिरीचे घ्यायचे फार तर दीडशे लिटर राहिले. चार महिन्यांचे ते १८ हजार लिटर होते. १० हजार लिटरचे दोन टँकरसुद्धा नाहीत! टँकरची भाषा आपल्या जिल्ह्याला नीट समजते. शिवाय अर्ध्या गुंठ्यात एकरी ४० टनांच्या हिशोबाने अर्धा टन ऊस बसतो. त्याचे बिल आणि चार महिन्यांचा भाजीचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावा.

तेव्हा अडचण पाण्याची नाही. अडचण कुठे आहे ते मला एका वस्तीवर एका बाईंनी सांगितले. त्या म्हणाल्या, “मोटार त्यांच्या हातात, दारं धरणार ते. आमी बी टोकलं तरी पानी कोन देणार? उसाचं झाल्याबिगर भाजीला थेंब नाय.” मालक शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

माझे म्हणणे म्हणूनच एवढेच आहे. प्रत्येक सभासदाने अर्धा गुंठा, म्हणजे साडेपाचशे चौरस फूट जागा, घरधनिणीच्या हवाली करावी. त्यात काय लावायचे ते तिने ठरवावे, आणि त्या वाफ्यांना पाणी उसाच्या आधी मिळावे. नुसते बी आणून दिले आणि पाण्याचा शब्द दिला नाही, तर महिन्याभरात परडे वाळते आणि दोष बाईच्या आळसाला लागतो.

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरबांधणीच्या कामात गावोगावच्या महिलांना उतरवणारी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली. पुढे पावसाने दगा दिलेल्या वर्षांत या संस्थेने एक एकर शेतीचा प्रयोग चालवला. घरच्या जमिनीतील अर्धा-एक एकर तुकडा बाईने मागून घ्यायचा, त्यात आधी घरात खायचे धान्य, कडधान्य व भाजी लावायची, खत घरचे आणि होईल तितके बीही घरचे वापरायचे, असा तो प्रकार. २०१७ साली, म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्याच्या पुढच्याच वर्षी, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक या संस्थेला मिळाले. त्या बायकांनी एकर मागितला. मी अर्धाच गुंठा मागतो आहे, तोही बागायतदारांकडे.

भाजी न खाण्याची किंमतही समजून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला भाज्या व फळे मिळून किमान ४०० ग्रॅम जावीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि भाजीने सगळे भरून निघेल असे मी म्हणणार नाही. पण ताटात शेवटी बसणारीच्या वाट्याला विकतची भाजी किती येते, हे घरोघर ठाऊक आहे.

आता लागवडीचे. मेथी आणि पालक या आठवड्यातच टाका, ही त्यांची शेवटची खेप. पुढे ऊन वाढले की त्या लवकर फुलावर येतात आणि कडू-राठ होतात. भेंडी, गवार आणि चवळीला घाई करू नये. रात्रीचा गारठा असेपर्यंत बी कुजते, नाहीतर नुसते पडून राहते. पहाटे पांघरूण पायाशी ढकलावेसे वाटू लागले की टोकण करावी. महाशिवरात्रीच्या आसपासचा सुमार बहुधा बरोबर येतो. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. वाणांत परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली दिलेली ‘परभणी क्रांती’ मला अजून आवडते. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून तिचे नाव झाले. अलीकडे तिच्यावरही रोग कमी-अधिक दिसतो, पण तिचे बी घरी धरता येते. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकतच आणावे लागते. शिवरात्रीला टोकलेली भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणीला येते, म्हणजे बाजारात भाजी महागते त्याच वेळी.

दोडका, कारले, दुधी यांचे चार-चार आळे पुरे. तुराट्या किंवा पळाटीचा मांडव करावा आणि त्याच्या सावलीत कोथिंबीर घ्यावी. उघड्या उन्हात वैशाखातली कोथिंबीर टिकत नाही. माठ, तांदुळजा, चुका, अंबाडी यांना दर पंधरा दिवसांनी एक लहान वाफा पेरत राहिले की खंड पडत नाही. वांगी-मिरचीची रोपे आता तयारच आणा. बी टाकून रोप करण्याची वेळ निघून गेली. गावठाणात राहणाऱ्यांना अर्धा गुंठा कुठला? त्यांनी न्हाणीमागच्या दहा हात जागेपासून सुरुवात करावी. तिथे अळू आणि केळीचे एखादे खोड तरी येतेच. सांडपाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून काढून बुडाशीच द्यावे, पालेभाजीवर ओतू नये. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र परड्यात घेऊच नका, आपली काळी जमीन त्याने चोपण होते.

पाचटाचे आम्ही नेहमी सांगतो, जाळू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यातले चार भारे घरी आणून ओळींमध्ये वीतभर जाडीने पसरा, पाण्याची निम्मी काळजी तिथेच मिटते. ज्यांना रोज पाणी घालणे होत नाही त्यांनी वेलाच्या आळ्यात मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे व भरून झाकावे. पाझरून मुळाला पाणी मिळत राहते. गोरोबाकाकांच्या तेरचा हा जिल्हा, मडक्याची अडचण पडू नये! कारखान्याची मळी घालायची तर कुजलेलीच घाला. ताजी मळी गरम होते, रोपे करपतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायची आहे, कारण उसाच्या गावातच ती घडते. उसातले तण मारायला टू-फोर-डी फवारलेला पंप भाजीवर अजिबात चालवू नका. कितीही धुतला तरी त्यातल्या अंशाने भेंडी, वांगी, टोमॅटो, दोडका यांची पाने आखडतात आणि झाड जागच्या जागी बसते. लोक त्याला रोग समजून आणखी औषध मारतात. वारा परड्याकडे वाहत असेल तेव्हा शेजारच्या उसातही ही फवारणी करू नये. सुरू उसाच्या सरीत मेथी-कोथिंबीर घ्यायचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी आधी ॲट्राझिन मारलेले नाही ना हे पाहावे. मारले असेल तर बी वाया जाईल. परड्यासाठी दहा लिटरचा वेगळा लहान पंप ठेवावा, आणि तो घरातच ठेवावा, उसाच्या पंपाशेजारी कोठ्यावर नको.

शेळ्या-कोंबड्यांचा त्रास होतो हे खरे आहे. त्याला काट्याचे कुंपण हाच उपाय, आणि बोराटीच्या फांद्या तोडून आणून ते घालणे हे काम तरी मालकांनी करावे. येत्या उन्हाळ्यात लागण नोंदीच्या कामाने आमचे गट कर्मचारी वस्त्यांवर येतीलच. त्यांना उसाच्या फडाबरोबर परडेही दाखवावे. कुठे काय बिघडले असेल तर पान तोडून त्यांच्याजवळ द्यावे, ते माझ्याकडे पोहोचते होईल.

— ऊस विकास अधिकारी